मळ्यातला दयाळ, माळावरचा चंडोल

माझ्या सासऱ्यांना मी आवडत नव्हतो आणि हे त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. कित्येक जावई बिचारे आयुष्यभर गोड बोलण्याला फसतात. मला तो धोका नव्हता. ते मला 'जावईबापू' म्हणत. पण घशात माशी गेलीय आणि चारचौघांत थुंकताही येत नाही, अशा चेहऱ्यानं म्हणत.

मीही काही कमी नव्हतो. त्यांना 'मामा' म्हणून वाकून नमस्कार करायचो, आणि गरजेपेक्षा वीतभर जास्तच वाकायचो. ते त्यांना बरोबर कळायचं.

भांडणाचं कारण विचाराल तर जमीनजुमला नव्हे, मानपानही नव्हे. भांडण पाखरांवरून लागलं. दोन पाखरांवरून.

मी पिंपरीतल्या एका कंपनीत स्टोअरला होतो, पर्मनंट. लग्नाच्या बाजारात त्या काळी 'पर्मनंट' हा शब्द सोन्याच्या गोफासारखा चमकायचा, आणि त्याच्याच जोरावर मोशीच्या पुढं, इंद्रायणी ओलांडल्यावर लागणाऱ्या एका गावातल्या बड्या शेतकऱ्याची मुलगी मला मिळाली. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा मामा मला विहिरीवर घेऊन गेले. ही त्यांची बागायत, त्यांचा मळा. विहिरीच्या काठाला जुना आंबा होता आणि आंब्याच्या शेंड्यावर एक दयाळ बसला होता. काळा कोट, पांढरा सदरा, शेपूट उभी. एखाद्या वकिलानं उलटतपासणीला उभं राहावं तसा.

"ऐका," मामा म्हणाले.

मी ऐकलं. दयाळ गायला, आणि खरं सांगतो, सुरेख गायला. मामांनी डोळे मिटले होते. एवढा रांगडा माणूस, पण चेहरा असा झाला होता की देवघरात समई लावावी. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर पुढची दहा वर्षं आमरस-पुरीत गेली असती.

"छान आहे," मी म्हणालो. "पण चंडोलासमोर काही नाही."

मामांनी डोळे उघडले.

"चंडोल? त्यो माळावरचा?" ते म्हणाले. "त्यो ढेकूळ? डोक्यावर शेंडी असलेला?"

"तोच."

"आस्सं," मामा म्हणाले, आणि परत घराकडं चालू लागले. मागं वळून बघितलं नाही. सासूबाईंनी त्या दिवशी जेवायला बासुंदी केली होती. मामांनी माझ्या ताटात वाढू दिली, पण आग्रह केला नाही. मराठी माणसाला यापेक्षा स्पष्ट शत्रुत्व दुसरं कळत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला मामांचा माळ होता. पावसाळ्यात घोट्याएवढं गवत, उन्हाळ्यात नुसता मुरूम, मधूनच एखादी बोराटी. तिथं काही पिकत नव्हतं. गावची शेरडं चरायची आणि चंडोल राहायचे. मी गेलो की जेवण उरकून तडक माळावर जायचो आणि उपरणं डोक्याखाली घेऊन उताणा पडायचो. चंडोल अगदी पायाजवळून उठायचा, गात गात वर जायचा, इतका वर की डोळ्यांत पाणी यायचं आणि पाखरू दिसेनासं व्हायचं. फक्त गाणं राहायचं. मग ते एकदम बंद पडायचं, चंडोल दगडासारखा खाली यायचा आणि आपण काही केलंच नाही अशा थाटात चालू लागायचा.

आता हे दोन गवई समोरासमोर ठेवून बघा. दयाळाला रंगमंच लागतो. आंब्याचा शेंडा, छपराचा पाखा, विजेचा खांब, काहीतरी उंच हवं. बसल्यावर तो आधी बघतो, मंडळी जमलीत ना? मग शेपूट उचलतो. शिवरात्रीपासून मृगापर्यंत त्याची बैठक चालते, मग उरलेलं वर्ष घसा धरल्यासारखा खरखर करतो. चंडोलाला ना बैठक लागते ना श्रोते. त्याचा रंगमंच म्हणजे त्याचा तोच, हवेत. शिवाय तो नकला करतो. टिटवीची करतो, कोतवाल पाखराची करतो, एकदा तर शेरडं हाकणाऱ्या बाईची शीळ त्यानं अशी घेतली की तिची शेरडं थांबली.

"सोंगाड्या हाय त्यो," मामा म्हणायचे. "दुसऱ्याचं उसनं आणून गातोय. सोताचं काय हाय त्याच्याजवळ?"

"आणि तुमचा दयाळ? रोज तेच."

"देवाचं नाव बी रोज त्येच घेत्यात."

मी पानाचा डबा पुढं ओढला.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. दिवाळी असो की बारसं, मामा आणि मी ओसरीच्या दोन टोकांना बसायचो, आणि मधून बायको तांब्या घेऊन जाता जाता म्हणायची, "आई, या दोघांना एका पिंजऱ्यात घाल आणि वर फडकं टाक."

मधल्या काळात सरकारनं रानातल्या जनावरांचा, पाखरांचा कायदा केला. मी पेपरात वाचलं आणि मोठ्या आनंदानं बातमी घेऊन सासुरवाडीला गेलो. म्हटलं, मामा, आता चंडोल धरता येणार नाही, पिंजऱ्यात ठेवता येणार नाही.

"आन दयाळ?"

"दयाळही."

"दोगं बी एकाच पंगतीला?" मामांना हे फार लागलं. "म्हंजी सरकारला कान न्हाईत."

त्यांचं म्हणणं, दयाळाला कायदा कशाला? दयाळाला ते स्वतः होते की. विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीच्या भिंतीत एक भोक होतं, त्यात दयाळाचं घरटं व्हायचं. गवंड्यानं गिलावा करताना ते बुजवायला घेतलं, तर मामांनी त्याच्या हातातली थापी काढून विहिरीत फेकली. गिलावा झाला, भोक राहिलं. घरातल्या मांजरीला मळ्यात यायला बंदी होती, आणि ती पाळली जायची, कारण मामांचा नेम चांगला होता.

पण दयाळाला मामाही नको होते, हे मला निगडीला प्राधिकरणात घर बांधलं तेव्हा समजलं. आजूबाजूला नुसते उघडे प्लॉट, त्यात चार बंगले, प्रत्येक बंगल्यात एक पेरू आणि एक जास्वंद. लगेच दयाळ हजर. कंपन्यांनी गेटाजवळ हिरवळी केल्या, तिथं दयाळ. पावसाच्या पाइपात घरटं, नावाच्या पाटीमागं घरटं. माणूस जिथं जाईल तिथं तो मागोमाग येतो आणि वर बसून गातो, जणू घर त्याचंच आहे आणि आपण भाडेकरू. चंडोलाचं तसं नाही. त्याला काही बांधून देता येत नाही, कारण त्याला काहीच नसलेली जागा लागते. आणि काहीच नसलेल्या जागेला आपल्याकडं नाव एकच, पडीक. झाडं लावणारा म्हणतो, पडीक आहे, झाडं लावा. शेतकरी म्हणतो, पडीक आहे, नांगरा. कंपनीवाला तर काही म्हणतच नाही, फक्त कुंपण घालतो. चंडोल धरला तर गुन्हा. त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली तर कुणी विचारत नाही.

हे सगळं मी मामांना ऐकवलं. मामा म्हणाले, "झालं? आता म्हशी पाजायच्या हायेत."

मग मुरमाचं प्रकरण निघालं.

भोसरीकडं तेव्हा शेडमागून शेड उभी राहत होती. शेडच्या जमिनीला मुरूम लागतो, रस्त्याला लागतो, भरावाला लागतो, आणि मामांचा माळ म्हणजे वरपासून खालपर्यंत मुरूमच. एक ठेकेदार आला. गोड बोलणारा, बोटात अंगठ्या. मामांना म्हणाला, तुमची पडीक जमीन मी खणून नेतो, वर पैसेही देतो. मामांना वाटलं, हा माणूस आहे की पांडुरंग?

बायकोनं ही बातमी घरी आणली तेव्हा माझा घास तोंडातच राहिला.

"कधीपासून?"

"अधिक सरल्यावर. अधिकात आमचे आबा काही सुरू करत नाहीत, माहीत आहे ना तुम्हाला."

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, पाया नाही, सौदा नाही. म्हणजे तेवढा महिना माळाला संरक्षण होतं, आणि तेही कायद्याचं नव्हे, पंचांगाचं. पुढच्याच गुरुवारी कंपनीच्या सुट्टीला मी स्कूटर काढून माळावर गेलो. ऐन उन्हाळ्याचा शेवट, चंडोलांचे विणीचे दिवस. एका दगडाच्या आडोशाला, गवताच्या झुपक्याखाली, वाटीएवढं घरटं सापडलं. आत तीन अंडी, मातीवर शाई शिंपडल्यासारखी. बाकी माळावर आणखी कुठं असतील ते मला दिसलं नाही. चंडोल दाखवत नाही.

अधिकात संरक्षण मिळतं, तशीच आणखी एक गोष्ट मिळते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. धोंड्याचं जेवण. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहेतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. द्यायचंच. सासऱ्याला तो कितीही विषासारखा वाटत असला तरी.

मामांनी रिवाजाप्रमाणे मुलीकडून विचारलं, जावईबापूंना काय हवं, घड्याळ की सफारीचं कापड?

"त्यांना सांग," मी बायकोला म्हणालो, "पावसाळा सरेपर्यंत माळाला टिकाव लावू नका. एवढंच वाण द्या."

"हे मी सांगणार नाही."

"का?"

"माझं माहेर आहे ते. मला तिथं परत जायचंय."

पण तिनं सांगितलं. आणि मामांचं उत्तर आलं, "जावयाला सांग, त्यांच्या आवडीचीच वस्तू मिळंल."

मी खूश झालो. किती सहज, किती शहाण्यासारखा नमला म्हातारा!

धोंड्याच्या दिवशी अंगणात सगळी भावकी जमली होती. मला पाटावर बसवलं, सासूबाईंनी ओवाळलं, पाय धुतले. ताम्हनात अनारसे, मध्ये दिवा. आणि ताम्हनाशेजारी पांढऱ्या उपरण्याखाली झाकलेलं काहीतरी.

मामा पुढं आले. त्यांनी उपरणं ओढलं, अगदी जादूगारासारखं.

कामट्यांचा पिंजरा होता. आत चंडोल.

"घ्या जावईबापू," मामा म्हणाले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "तुमची आवडती वस्तू. कालपास्नं त्याच्या घरट्यापाशी फास लावून बसलोय. आता चंडोल तुमचा, माळ माझा. झाली वाटणी!"

भावकी अशी हसली की दिवा विझायची वेळ आली.

पिंजऱ्यातला चंडोल मात्र वर उडत होता. तेवढंच त्याला येत होतं. खाली बसायचा, मग सरळ वर, आणि डोकं कामटीवर आपटायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. दयाळ असता तर कोपऱ्यात रुसून बसला असता आणि संध्याकाळी हातातली अळी खाल्ली असती. चंडोलाच्या डोक्यात बाजूला जाण्याचा रस्ताच नसतो. पुण्यात मी जुने शौकीन पाहिलेत. ते त्याच्या पिंजऱ्याला वरून कापड ताणतात, नाहीतर एका दिवसात त्याचं टाळकं फुटतं. आणि इथं तर त्याची अंडी माळावर उघडी पडली होती, ऊन चढत होतं.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं.

चंडोल बाहेर पडला, सरळ वर गेला, आणि वरच्या अंगाला माळाकडं नाहीसा झाला.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

"बघा!" मामा गरजले. "बघा समदी! अधिकातलं दान लाथाडलं या माणसानं!"

"लाथाडलं नाही मामा, घेतलं," मी म्हणालो. आणि इथं, कबूल करतो, मला फार मजा येत होती. "गाय दान दिली तर घेणारा ती काय देव्हाऱ्यात बांधतो? चरायला सोडतोच ना? तसा मी सोडला. चंडोल माझा आहे, तुम्हीच म्हणालात, पन्नास माणसांसमोर. तो तुमच्या माळावर राहतो. उद्या त्याच्या घरट्याला टिकाव लागला, तर दिलेलं दान तुम्ही परत घेतलंत असं होईल. आणि तेही कधी दिलेलं? अधिकात."

मग भावकीतले सगळ्यात थोरले, ज्यांना मामाही घाबरत, ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "पाव्हणं बोललं ते बराबर हाय राव."

मामांचा चेहरा मी आजही डोळे मिटून बघू शकतो, आणि बघतो. आधी तांबडा, मग वांग्याच्या रंगाचा.

"घरट्याला टिकाव लागणार न्हाई," ते म्हणाले. "शबूद दिला."

त्या दिवशी मी विजयाच्या भरात इतके धोंडे खाल्ले की स्कूटर चढावर माझ्याऐवजी रडायला लागली. मोशी आल्यावर मागं बसलेल्या बायकोनं तोंड उघडलं.

"तुम्हाला वाटतंय तुम्ही जिंकलात?"

"वाटतंय."

"आबांनी 'घरट्याला' म्हटलं. 'माळाला' नाही म्हटलं."

अधिक सरला. निज ज्येष्ठ लागल्या दिवशी ठेकेदाराची माणसं माळावर हजर झाली. पाऊस लांबला होता आणि तो यायच्या आत मुरूम उचलायची त्याला घाई होती, नाहीतर ट्रक रुतला असता. मला हे कळलं ते गुरुवारी, माळावर पोचल्यावर.

माळ नव्हताच. जिथं मी उताणा पडायचो तिथं कमरेइतका खड्डा, त्यात पहारी, टिकाव, पाट्या, धुरळा, आणि दोन ट्रक. आणि त्या खड्ड्याच्या मध्यभागी एक खांब उभा होता. मुरमाचा. चारी बाजूंनी सरळ तासलेला, कमरेइतका उंच, वर बैलगाडीच्या चाकाएवढी जागा. त्या जागेवर दगड, दगडाजवळ गवताचा झुपका, झुपक्याखाली घरटं.

खांबाशेजारी छत्री उघडून, बाजेवर मामा बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या जावईबापू, या! शबूद पाळला का न्हाई? हात बी लावू दिला न्हाई कुणाला. सोता राखण बसलोय."

मी खड्ड्यात उतरलो. तेवढ्यात चंडोलाची मादी चोचीत नाकतोडा घेऊन आली, घुटमळली, आणि खांबावर उतरली. घरट्यात तीन चोची उघडल्या. अंडी फुटली होती, पिल्लांना पिसं फुटत होती.

"बघा," मामा म्हणाले. "राजवाडा दिलाय. मांजर चढत न्हाई, शेरडू चढत न्हाई."

"मामा," मी म्हणालो, "ही पिल्लं पंख फुटायच्या आधीच चालत बाहेर पडतात."

"मंग चालू द्या की."

"कुठं?"

मामांनी खांबाकडं बघितलं. मग कडेकडं. मग खाली, जिथं टिकावानं फोडलेले अणकुचीदार दगड पडले होते.

"दयाळाची पोरं असलं काय करत न्हाईत," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले.

"दयाळाची पोरं भिंतीच्या भोकात जन्मतात. पंख धरल्यावरच बाहेर तोंड काढतात. यांचा जन्म जमिनीवरचा. आज उद्या ही निघतील."

आणि खोटं सांगत नाही, एक पिल्लू घरट्याबाहेरच होतं. झुपक्याच्या पलीकडं, लुटुलुटु, कडेपासून वीतभर. मामांनी ते बघितलं आणि बाजेवरून उठले.

"पडलं तर?"

"पडलं तर मेलं. अधिकात दिलेलं दान, आणि तुम्ही स्वतः तासलेल्या कड्यावरून."

मामांनी जी शिवी घातली ती मला होती, चंडोलाला होती की पंचांगाला, ते समजलं नाही. मग ते ठेकेदाराकडं गेले. एका बाजूला मुरूम परत टाका, उतार करून द्या, म्हणाले.

ठेकेदाराचा गोडवा तिथं संपला. "आबा, खणलेला मुरूम माझा हाय. ट्रक उभा ऱ्हायलाय. पाखरासाठी मुरूम परत टाकू? लोक काय म्हणतील मला?"

"माझी जमीन हाय!"

"जमीन तुमची. मुरूम माझा. सौदा झालाय."

"झाली वाटणी," मी मागून म्हणालो. मला राहवलं नाही.

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. मग त्यांनी पटका काढून बाजेवर ठेवला, गड्याच्या हातातली पाटी हिसकावली आणि ढिगातला मुरूम भरायला लागले. ठेकेदार ओरडत होता. मामा भरत होते. ठेकेदाराची माणसं थांबून बघत होती, पण म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"बघताय काय?" मामा माझ्यावर खेकसले. "दान तुमचं हाय ना? उचला पाटी!"

स्टोअरमध्ये मी आयुष्यात मालाच्या नोंदीच्या बिनकार्डापेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्या दिवशी पाट्या उचलल्या. मामा टाकायचे, मी टाकायचो, आणि दोघांची तोंडं चालू.

"फार खडा होतोय उतार."

"चंडोल हाय का तुमची आजी? चढंल की!"

"चढायचं नाही, उतरायचंय."

"उतरंल! तुमच्यासारकी पाटी घेऊन थोडीच उतरायचीय त्याला!"

"टोकाला दगड आहेत, बारीक टाका."

"अजून काय? गादी टाकू? उशी?"

उतार माळाच्या उरलेल्या पट्टीकडं काढला, बांधाच्या बाजूला, जिथं अजून गवत होतं. चंडोलाची मादी लांबच्या दगडावर बसून आमच्या दोघांना शिव्या देत होती, आणि मला वाटतं त्यातल्या दोन-तीन मामांच्या होत्या, तिनं उचललेल्या. दुपारी आम्ही बाजूला झालो. मामा बाजेच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये पाण्याची कळशी. कुणी कुणाला पाणी दिलं नाही. ज्यानं त्यानं घेतलं.

मादी परत आली. आली ती खांबावर उतरली नाही, उताराच्या पायथ्याला उतरली, चोचीत किडा घेऊन. तिथून बोलवायला लागली. पहिलं पिल्लू उतारावर आलं, थांबलं, घसरलं, पुन्हा उठलं, आणि धावतच गवतात शिरलं. दुसरं त्याच्या मागून. तिसरं मात्र वरच बसून राहिलं.

"त्ये तुमच्यावर गेलंय," मामा कुजबुजले. "सांगितल्याशिवाय हलत न्हाई."

तिसरं निघालं ते सूर्य कलल्यावर. ते गवतात दिसेनासं झालं आणि मामांनी पटका डोक्यावर ठेवला. "मिळालं तुमचं दान तुमाला. आता काय देणंघेणं न्हाई," म्हणाले आणि ठेकेदाराला हात केला. पहिल्या घावात उतार गेला, पाचव्या-सहाव्याला खांब. गवताची पट्टी पुढच्या वर्षी गेली. मग तिथं एका कंपनीचं गोडाऊन झालं.

चंडोल त्या गावात पुन्हा दिसला नाही. दयाळ दिसला. गोडाऊनच्या पन्हाळीच्या पाइपात त्यानं घरटं केलं आणि वरच्या पत्र्यावर बसून असा गायला लागला की जणू त्याच्याच सोयीसाठी माळ खणला होता. मामांनी मला मुद्दाम निरोप पाठवला होता, ऐकायला या म्हणून. मी गेलो नाही.

दोनेक वर्षांनी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन चिंचवडला, म्हणून मुक्काम आमच्या निगडीच्या घरी. डोळ्याला पट्टी, हालचाल बंद, आणि दिवसभर तोंड चालू. चहा पाणचट, घर कोंदट, नातवंडं उद्धट, पंखा आवाज करतो. आमच्या पेरूवरचा दयाळ गायला लागला की तेवढा वेळ गप्प. मग म्हणायचे, "गावच्या दयाळाची सर न्हाई."

एका दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. ते झोपलेत असं मला वाटलं होतं.

"औंदा चंडोल ऐकला," ते म्हणाले.

मी पेपर खाली ठेवला. "कुठं?"

"हाय एक माळ. चाकणच्या फुडं, खेडाकडं जाताना आत. म्हशी बघायला गेलतो. चार-पाच तरी असतील."

"कुठल्या गावाचा माळ?"

"न्हाई सांगणार."

"मामा, मी काही धरायला जाणार नाही त्यांना."

"ठाऊक हाय."

"मग? अहो, नुसता ऐकून येईन."

"त्येच!" पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडं वळला. "तुमी ऐकून येणार. मंग कंपनीत सांगणार, कारण तुमच्या तोंडाला कुलूप न्हाई. मंग कंपनीतली चार टाळकी दुर्बिणी घिऊन गाडीनं येणार. मंग गावातला कोण तरी म्हणणार, एवढी मानसं येत्यात, रस्ता करा." त्यांनी चाचपडत उशाखालचा रुमाल काढला, नाक पुसलं. "आन रस्त्याला मुरूम लागतोय, जावईबापू."